दातांतली तार

रायपूर राजधानी झालं त्या वर्षी हिरालालजी रेल्वेच्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि समता कॉलोनीतल्या घरी हौसेनं जुने रेडिओ दुरुस्त करत बसले. एका हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दुसऱ्यात चिमटा आणि नोकरीपासूनच्या सवयीनं जोड लावायची सोल्डरची तार दातांत. "हा माझा तिसरा हात," असं ते ऐटीत सांगायचे.

तार विकणाऱ्यानं बजावलं होतं, "बाबूजी, इसमें सीसा है. मुँह में मत पकड़ना, हाथ धोके खाना." घरी येऊन हिरालालजींनी त्याची नाकातल्या आवाजात हुबेहूब नक्कल केली. घरभर हशा पिकला.

एका रविवारी त्यांची पाच वर्षांची नात रेडिओसमोर मांडी घालून बसलेली दिसली. दातांत तार.

"आबा, मी पण रेडिओ बनवून राहिली!"

त्यांनी तार हिसकावली, तिला खळखळून चूळ भरायला लावली.

"काय झालं जी?" सून चेतनानं आतून विचारलं.

"काई नाई. पोट्टीनं माती खाल्ली."

जेवायला बसले, पण घास तोंडाजवळ नेऊन परत ताटात ठेवला. शेवटी ताट सरकवून म्हणाले, "चेतना, माती नव्हती. शिसं होतं. मले माहीत होतं."

चेतनानं पोरीला उचललं आणि चपला घातल्या.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कितनी देर मुँह में रखा, बेटा?"

"जितनी देर आबा रखते हैं."

डॉक्टरनं मान वळवली. "और आप?"

"तीस साल," हिरालालजी पुटपुटले, आणि कुणी न सांगताच त्यांनी रक्त तपासायला बाही वर केली.