तंबूपुरती जागा

कपाटावरून तंबू खाली काढला तेव्हा त्याच्याबरोबर दोन वर्षांची धूळही खाली आली. आमचे हे शिंकत म्हणाले, "उगाच काढलास. सुमितला द्यायचा ठरलाय ना?"

ठरवलं होतं ते ह्यांनी, मी नाही. सुमित म्हणजे आमचा पुतण्या. त्याला हा तंबू धरणाकाठी मित्रांच्या पार्टीला न्यायचा होता.

ह्यांचं अर्धं आयुष्य सह्याद्रीत गेलं. शनिवारी कचेरी सुटली की पाठीवर सॅक, आणि रविवारी दारात चिखलाने माखलेले बूट. मग बायपास झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, पुढे सावकाश डोंगर चढायलाही हरकत नाही म्हणाले, पण हे हडपसरच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर पडेनात. ऑपरेशनची वाटली नाही तेवढी भीती मला ह्या बसून राहण्याची वाटायला लागली. म्हणून मी एकच अट घातली. ह्या तंबूत डोंगरात एक रात्र झोपायचं. त्यानंतर द्यायचा असेल तर खुशाल द्या, मी अडवणार नाही.

आता झोपायचं कुठे? पूर्वी हे कुणाला विचारायचे नाहीत. देऊळ, गुहा, गडावरची सदर, जिथे पाठ टेकेल तिथे मुक्काम. आता बऱ्याच गडांवर रात्री राहायला बंदी आहे, अभयारण्यात तर तंबूचं नावच काढायला नको. धरणाकाठी पैसे भरून जागा मिळते, पण तिथे तंबूला तंबू चिकटलेला आणि मध्ये भलामोठा स्पीकर. तेवढ्यासाठी हडपसर सोडायची गरज नाही, गणपतीत ते घरबसल्या मिळतं.

मी सरकारी कचेरीत खिडकीपलीकडे बसून नोकरी केली. परवानगी कशी नाकारतात हे मला चांगलं ठाऊक असल्यामुळे ती कशी मागावी हेही थोडंफार कळतं. डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी, रोजच्यासारखं पंचशील म्हणून आम्ही निघालो. गाडी मी चालवत होते. कात्रजचा बोगदा ओलांडला, नसरापूर फाट्याला थांबलो. मी मिसळ घेतली, ह्यांना पोहे दिले. ह्यांनी माझ्या ताटातल्या तर्रीकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून डोळ्यांसमोर आहे.

पुढे वेल्ह्याकडे वळलो तशी गर्दी मागे पडली. कापलेली भातखाचरं (बांध घालून सपाट केलेली शेतं) उन्हात पिवळी पडली होती आणि त्यांच्यामागे डोंगराची निळी भिंत उभी होती. हे काचेतून बघत होते, पण बोलत नव्हते. एरवी ह्याच रस्त्यावर प्रत्येक सुळक्याचं नाव ऐकावं लागायचं.

वनखात्याच्या नाक्यावर गाडी थांबवून मी सरळ विचारलं, आम्हाला आज तंबू लावायचाय, कुठे चालेल? वनरक्षक तरुण होता. आधी विचारणारी माणसं त्याला फारशी भेटत नसावीत, कारण तो खुर्चीवरून उठून बाहेरच आला. जंगलाच्या हद्दीचे पांढरे दगड त्याने दाखवले. दगडांच्या आत तंबू नाही, बाहेर ज्याची जमीन आहे त्याची परवानगी घ्यायची, पोलीस पाटलांना कळवायचं, उघड्यावर जाळ करायचा नाही. शेवटच्या घरातल्या हौसाबाईंचं खाचर जंगलाला लागून आहे, तिथे विचारा, म्हणाला. त्या गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या शनिवारी तिथे स्पीकर पोहोचेल.

पोलीस पाटलांना कळवून आम्ही हौसाबाईंकडे गेलो. त्या अंगणात पावटा सोलत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, बारीक अंगाच्या. आम्ही कोण, कुठले, मुलंबाळं किती, ह्यांची छाती का कापली, सगळं विचारून झालं. मग खाचरापलीकडच्या गर्द झाडीकडे हात करून त्यांनी सांगितलं की ती देवीची राई आहे (देवाच्या नावाने राखलेलं जंगल), आणि तिच्या शेजारी रात्रीला राहणाऱ्याने आधी कौल घ्यायचा असतो. म्हणजे देवीला फूल लावायचं, ते उजवीकडे पडलं तर देवीचा होकार समजायचा.

माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून आमच्या घरात देव नाही, नवस नाही आणि कौलही नाही. एका रात्रीसाठी गप्प बसून फूल लावता आलं असतं. मला ते जमणार नव्हतं. मी हौसाबाईंना तसं स्पष्ट सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत, कौल घेत नाही.

त्यांचे हात शेंगांवर थांबले. हे लगेच उठले आणि हळूच म्हणाले, "शैला, चल. उजेड आहे तोवर घरी पोहोचू." त्यांच्या आवाजात सुटल्याचा भाव होता, आणि तोच मला लागला. आत्ता परतलो असतो तर तंबू सुमितकडे गेला असता आणि हे पुन्हा खुर्चीत.

मी उठले नाही. "आजी, कौल घेताना देवीला सांगता काय?" मी विचारलं.

"सांगायचं काय? राईतलं काय न्यायचं न्हाई, वाळकी काडी बी मोडायची न्हाई, ह्यो शबूद द्यायचा. तिला इचारल्याबिगर हितलं पान बी उचलत न्हाई आमी. राई हाय म्हून झऱ्याला पानी हाय."

"न दिलेलं घ्यायचं नाही, असा शब्द आम्हीही देतो. रोज सकाळी. आजही देऊनच निघालोय."

"कुनाला देता?"

"स्वतःलाच."

"आन् मोडला तर कोन बघतं?"

"आपणच."

हौसाबाईंनी थोडा विचार केला. "मंग लईच अवघड हाय की तुमचं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. "ऱ्हावा. वरचं खाचर घ्या, खालच्यात हरभरा टाकलाय."

मला एकदम भरून आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी चार शेंगा उचलून सोलायला घेतल्या.

वरच्या खाचरात जाईपर्यंत हे माझ्या मागेमागे चालत होते. पण तंबूची पिशवी उघडली आणि ह्यांच्यात फरक पडला. मी तंबूचं तोंड डोंगराकडे केलं होतं. ह्यांनी मूठभर माती वाऱ्यावर सोडून पाहिली आणि काही न बोलता तंबू फिरवला. खुंट्या ठोकायला मी बांधाचा दगड उचलला तेव्हा मात्र बोलले. "तो नको, बांध ढासळेल. सुटा घे. आणि कुठून घेतलास ते लक्षात ठेव." दोन वर्षांनी ह्यांनी मला टोकलं होतं, आणि मला चक्क बरं वाटलं.

पाणी झऱ्यावरून ह्यांनीच आणलं, मध्ये दोनदा थांबून. भांडी झऱ्यापासून लांब, बांधाआड घासली. लहान स्टोव्हवर चहा केला तेवढ्यात हौसाबाई नाचणीच्या भाकरी आणि पावट्याची आमटी घेऊन आल्या. आमच्याजवळ बसून चहा प्याल्या आणि साखर कमी आहे म्हणाल्या. हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हिच्या राज्यात एवढीच मिळते." त्या खळखळून हसल्या. अंधार पडला तसे आम्ही आत शिरलो आणि थंडीने आखडून का होईना, झोपलो.

जाग आली तेव्हा शेजारची पांघरुणं रिकामी होती. घाईघाईने बाहेर डोकावले तर हे बांधावर उभे होते, बुटाच्या नाड्या बांधून तयार. समोर कोवळ्या उन्हात डोंगराची सोंड उतरत आली होती.

"आज नाही," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "पुढच्या वेळी तिथपर्यंत. सावकाश जाऊ."

पुढच्या वेळी! हे शब्द मी ह्यांच्या तोंडून दोन वर्षांत ऐकले नव्हते. मी काही बोलले नाही, उगाच दृष्ट लागायची. आमच्यात दृष्ट मानत नाहीत, तरीही.

तंबू आवरल्यावर ह्यांनी खुंट्यांची भोकं पायाने दाबून बुजवली, दगड होता तिथे ठेवला आणि बांधात अडकलेली कुणाची तरी वेफर्सची पाकिटंही पिशवीत भरली. हौसाबाई निरोप द्यायला वर आल्या. त्यांनी खाचरभर नजर फिरवली आणि विचारलं, "झोपला कुठं व्हता वो?"

ह्यांनी जागा दाखवली. हौसाबाई तिथे जाऊन वाकून बघून आल्या. "आता कवाबी या," म्हणाल्या.

घरी पोहोचल्यावर आमच्या गॅलरीत तंबू वाळत टाकला. शेजारच्यांनी तो मंगलकार्याचा मांडव आहे का, असं विचारून घेतलं. संध्याकाळी सुमितचा फोन आला, काका, तंबू न्यायला कधी येऊ? फोन स्पीकरवर होता. मी स्वयंपाकघरात हातातलं लाटणं तसंच धरून उभी राहिले. अट माझीच होती, अडवणार नाही असं मीच म्हटलं होतं.

"तंबू मला लागणार आहे," हे म्हणाले. "तुला यायचं असेल तर आमच्याबरोबर ये. पण जागा आजींची आहे, आधी त्यांना विचारावं लागेल."

मग ह्यांनी तंबूची नीट घडी घातली आणि पिशवी कपाटावर न टाकता दारामागे, बुटांशेजारी ठेवली. येता-जाता ती पायात येते. मी अजून तिथून हलवलेली नाही.