भरतीच्या वेळची ओटी

कणकवली स्टेशनाबाहेर पडले तेव्हा पिशवीत एक नकाशा होता आणि डोक्यात त्या नकाशाचा तोरा. लोक कुठून कुठे, कशाने आणि किती खटपटीने जातात याचा अभ्यास करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. जिथे सहज पोहोचता येतं ती गावं आम्ही हिरवी रंगवतो, जिथे नाही ती लाल. मालवण किनाऱ्यावर एका खाडीच्या दोन काठांना खारवाडी आणि माडबाव अशी दोन गावं आहेत. त्यांना मी पुण्यात बसून हिरवागार रंग देऊन टाकला होता. मध्ये होडी चालते, पलीकडे जाईपर्यंत चहासुद्धा निवत नाही. फक्त खात्री करायची आणि मासे खाऊन परत यायचं, एवढाच बेत.

मालवणात गाडी बदलून खारवाडीच्या एस.टी.त बसले. कंडक्टरने विचारलं, "बाई, खंय जावचा आसा?"

"खारवाडी."

"माडबावच्या जत्रेक?"

"नाही हो, कामाला."

"जत्रा परवावर इली आणि काम?" सगळी गाडी हसली. मागच्या बाकावरच्या आजी तर माझ्याकडे अशा कीव करून बघू लागल्या की मलाच माझं काम फुकट वाटायला लागलं.

खिडकीबाहेर कातळ, मग काजूची झाडं, मग एकदम माडांमधून चमकणारं पाणी. पाणी दिसलं की मी वयाने लहान होते, हे कबूल करून टाकते. खारवाडीला उतरले ती थेट धक्क्यावर. होडी धक्क्याला अगदी टेकून उभी होती. जानू तांडेल नावाचे होडीवाले विडी विझवत म्हणाले, "येवा, येवा." अंगणातून ओटीवर जावं तशी मी होडीत गेले. वहीत लिहिलं, 'चढउतार अतिशय सोपी.'

माडबाव मनापासून आवडलं. धक्क्यापासून देवळापर्यंत माडांच्या सावलीतली सपाट वाट. देवळात मांडव घालायची गडबड, खाज्याची (गुळात घोळलेल्या बेसनाच्या कांड्यांची) दुकानं लागत होती. मासे मात्र हुकले. जत्रेपायी घरोघर शिवराक (शाकाहारी) जेवण. मग काळ्या वाटाण्यांची उसळ आणि सोलकढी इतकी हाणली की माशांची आठवण दुसऱ्या वाढपापर्यंतही टिकली नाही.

संध्याकाळी परत आले तेव्हा सुकती (ओहोटी) लागली होती. खाडीचं पाणी उतरलेलं, होडी खाली गेलेली आणि धक्का डोक्याच्या वर. जानूंनी हात दिला, मी एक पाय शेवाळलेल्या दगडावर ठेवला आणि गुडघ्यापर्यंत गाळात गेले. वहाण तिथेच राहिली. जानू हसू दाबत होते, पण ते काही त्यांना जमलं नाही.

समोरच्या घराच्या पडवीतून हाक आली, "बाई, हयसर येवा! पाय धुवा आधी."

हाक मारणाऱ्या होत्या शालनताई. बालवाडीच्या निवृत्त बाई, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या. पाठीच्या आजाराने त्यांचे पाय गेले होते. त्यांनी सुनेकडून पाणी मागवलं, घावणे (तांदळाच्या पिठाचे पातळ डोसे) खायला घातले आणि मी तोंड पुसायच्या आत माझी जात-पात सोडून बाकी सगळी चौकशी केली. मग मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला, "तुम्हाला कुठे जायचंय आणि जाता येत नाही?"

त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. माडांच्या वर देवळाचा कळस दिसत होता. "ता बघा. माझा म्हायार. हंयच आसा."

माडबाव त्यांचं माहेर. जत्रेला माहेरवाशिणी येऊन देवीची ओटी भरतात. आजारपणापासून शालनताईंची ओटी चुकली होती. रस्त्याने वळसा घालून गेलं तर देवळामागे पाखाडी (जांभ्याच्या पायऱ्यांची वाट) आडवी येते. उरते होडी. पण ओटी भरायची ती पालखी निघाल्यावर, सांजेला. जत्रा पौर्णिमेची, आणि पौर्णिमेच्या सांजेला खाडी अशीच रिकामी, होडी अशीच खाली.

"माझो भाव बाबल थंयचो मानकरी," त्या म्हणाल्या. "दर वर्षी सांगता, चार जाणा तुका उचलून नेतले. मी काय भाताची गोण? देवीसमोर जावचा तर आपणहून जावचा." इतका वेळ चेष्टा करणाऱ्या बाई मग हळूच म्हणाल्या, "ढोल हंय ऐकाक येता. ता ऐकत बसणा लय कठीण, बाई."

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, माझ्या हिरव्या रंगाचा. पण चिखलाने भरलेला पाय बघता बघता एक गोष्ट टोचू लागली. सकाळी मी होडीत किती सहज गेले होते! भरतीला धक्का आणि होडी एका पातळीवर येतात. जत्रेच्या दिवशी दुपारी भरती असणारच. मी उत्साहाने सांगितलं, तर ताई म्हणाल्या, "ता माका म्हायत आसा. पण ओटी सांजेचीच, आणि दुपारी जावन थांबलंय तरी सांजेच्या गर्दीत खुर्ची देवळात शिरणा नाय. देवीचो वेळ कोण बदलतलो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जानूंबरोबर बाबलभाऊंकडे गेले. भाऊ म्हणजे मिशीत दरारा आणि डोळ्यांत पाणी. सगळं ऐकून त्यांनी मान हलवली, "वाडवडलांपासून पालखी आधी, ओटी मगे. मी कोण बदलणारो?"

"मग कुणाला विचारायचं?"

"देवीक." आणि बोलता बोलता ते थबकलेच.

या गावात देवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होडी घ्यायची, विहीर खणायची, मुलीचं लग्न ठरवायचं, सगळ्याला कौल. पण बहिणीला उचलून न्यायचं की नाही यावर इतकी वर्षं भांडताना ओटीच्या वेळेचा प्रश्न देवीपुढे ठेवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मी पुटपुटले. भाऊंनी ऐकलं आणि चक्क हसले.

देवळात माणसं जमली. गुरवांनी पाकळ्या लावल्या. भाऊंनी गाऱ्हाणं घातलं, "गे आये, तुझी एक लेक पाण्याच्या पलीकडे बसान आसा. पाणी कोणासाठी थांबणा नाय. तू तिच्यासाठी दुपारची ओटी घेशीत काय? खुशी आसात तर उजवो कौल दी!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

पाकळी काही हलेना. मी देवभोळी नाही, तरी मीही पुढे सरून पाकळ्यांकडे बघत राहिले. अखेर उजव्या खांद्यावरची पाकळी सुटली आणि घरंगळत खाली आली.

"उजवो दिल्यान!" भाऊ इतक्या जोरात ओरडले की मांडववाला शिडीवरून बघायला लागला.

जत्रेच्या दुपारी खाडी काठोकाठ भरली होती. जानूंनी स्वतःच्या गोठ्याचं दार काढून आणलं आणि धक्क्यावरून होडीवर आडवं टाकलं. शालनताई हिरव्या काठाची साडी नेसून, मांडीवर ओटीचं ताट घेऊन आल्या. मी खुर्चीला हात लावायला गेले, तर माझ्या मनगटावर फटका बसला. त्यांनी दोन्ही चाकं स्वतः फिरवली. दार करकरलं, जानूंनी होडी घट्ट धरली आणि खुर्ची होडीत गेली. धक्क्यावरच्या बायांनी टाळ्या पिटल्या.

त्या बायाही मग होडीत शिरल्या. एकीने कारण सांगितलं, "सांजेच्या गर्दीत ओटी भरूक रवलंव तर शेवटची एस.टी. चुकता. आमकाय दुपारच बरी." एकीसाठी मागितलेली वेळ अशी किती जणींच्या कामाला आली. आमच्या अभ्यासात हे नेहमी दिसतं, पण त्या दिवशी मी तो अभ्यास विसरून नुसती हसत होते.

देवळाच्या दारात बाबलभाऊ उभे होते. बहीण सपाट वाटेवरून स्वतः खुर्ची चालवत येताना पाहून त्यांनी पंचा तोंडाला लावला. ताईंनी खणानारळाने ओटी भरली, तांदूळ वाहिले आणि देवीला नाही, भावाला म्हणाल्या, "बघलंस? मी इलंय."

मीही रडले. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांनी पाहिलं.

परतीची सोयीची भरती दुसऱ्या दिवशी दुपारची होती. ताई माहेरीच राहिल्या. ठरल्याप्रमाणे मी खारवाडीच्या धक्क्यावर त्यांची वाट बघत थांबले, निरोप घेऊन कणकवलीची गाडी गाठायची होती. होडी आली. त्यात जानू होते, गोठ्याचं दार होतं, खाज्याचा एक पुडा होता. शालनताई नव्हत्या.

"काय झालं? बऱ्या आहेत ना?"

जानूंनी पुडा माझ्या हातात दिला. "बऱ्यो आसत. म्हणाल्यो, बाईंक सांग, भरती काय, उद्याय येतली."

गाडीत बसून मी नकाशा उघडला. माडबावचा रंग आता काय द्यावा ते मला समजेना. हिरव्या आणि लाल रंगांत भरती-ओहोटी दाखवायची सोय नव्हती. माणूस पोहोचला का, एवढंच आम्ही विचारतो. त्याला हवं तितकं राहता आलं का, हे विचारायचं आमच्या कधी मनात आलं नव्हतं. रंग भरायचं काम पुण्यावर ढकललं आणि खाजं तोंडात टाकलं.

चार दिवसांनी पुण्यात माझा फोन वाजला. मागे कोंबडा आरवत होता, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

"बाई, पोचलात मा घराक?" शालनताई विचारत होत्या.

"कधीच पोहोचले. तुम्ही?"

"मी?" त्या म्हणाल्या. "मी अजून म्हायारीच आसंय."