माझ्या नावाची नळी

मला आजवर तीन वेळा शाल-श्रीफळ मिळालं. पहिल्यांदा निवृत्त झालो तेव्हा, दुसऱ्यांदा चुकून, आणि तिसऱ्यांदा शौचाचा नमुना घ्यायची नळी मिळाली तेव्हा.

तिसरा सत्कार आमच्या निवृत्त कर्मचारी संघटनेने एका मंगल कार्यालयात भरवलेल्या शिबिरात झाला. मोठ्या आतड्याचा कॅन्सर घरच्या घरी वेळेत कसा ओळखावा, हा विषय होता. व्यासपीठावर अकरा खुर्च्या होत्या. मागच्या फ्लेक्सवर आतड्याचं चित्र होतं आणि त्याच्या चौपट मोठा अध्यक्षांचा चेहरा. दोन तास भाषणं झाली, पण त्या दोन तासांत एकाही वक्त्याने 'शौच' हा शब्द तोंडातून काढला नाही. एकाने 'उत्सर्जित घटक' म्हटलं, दुसऱ्याने 'प्रातःकालीन कर्तव्य'. तिसरा विषय टाळता टाळता थेट देवगिरीच्या किल्ल्यावर जाऊन पोहोचला आणि तिथून लवकर उतरेना.

शेवटी एक तरुण डॉक्टर उभी राहिली. तिला पाच मिनिटं दिली होती, तिने चार घेतली.

"शौचातलं रक्त तुमच्या डोळ्यांना दिसायच्या आधी या तपासणीत कळतं. झाकणाला काडी आहे. ती शौचाला चार-पाच ठिकाणी फिरवायची, परत नळीत घालायची, झाकण लावायचं. पंचेचाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने दरवर्षी करायचं. काही त्रास नसताना करायचं, हाच त्यातला मुद्दा आहे. त्रास सुरू झाला असेल तर नळीची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात या."

ती खाली बसली. टाळ्या तिलाच सगळ्यात कमी पडल्या.

मग एकेका सभासदाला नाव पुकारून वर बोलावलं आणि शाल-श्रीफळ, फोटो यांच्यासकट नळी दिली. पाकिटावर आधीच नाव छापलेलं. सभासद बहुतेक पुरुषच होते. आमच्या बायका मागच्या खुर्च्यांवर बसून पोहे खात होत्या. "प्रत्येकाने" हा शब्द त्यांनीही ऐकला असणार, पण पुढे नळ्या मात्र सभासदांपुरत्याच होत्या.

मी तिथे गेलो तो एका माणसाच्या धाकाने. शहागंजात एक बाइंडर आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो तेव्हा तीस वर्षं आमची फाटकी पुस्तकं त्याच्याकडे जायची. तो मला सर म्हणतो, मी त्याला भाई. दोन वर्षं त्याला शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून तो चूर्णं खात राहिला. तपासलं तेव्हा कॅन्सर निघाला आणि बराच पुढे गेलेला. मोठं ऑपरेशन झालं, कितीतरी महिने शौचासाठी पोटाला पिशवी लावून काढले. त्यातून तो उठला, पुन्हा दुकानात बसायला लागला, आणि तेव्हापासून ओळखीच्या प्रत्येकाच्या मागे लागला.

"सर, पुस्तकाचा पहिला टाका उसवला की माझ्याकडं धाडायचे तुम्ही. स्टाफला ओरडायचे, पानं गळेपर्यंत काय झोपले होते का म्हणून. आता स्वतःचं पुस्तक कधी धाडणार?"

त्याच्या शब्दाखातर मी शिबिराला गेलो आणि घरी येऊन नळी मोठ्या शब्दकोशामागे ठेवून दिली. त्या शब्दकोशामागे गेल्या वीस वर्षांत कुणी हात घातला नव्हता. कारणं माझ्याकडे भरपूर होती. मला काही त्रास नव्हता. सकाळी घाई असते. फ्लेक्सवरच्या त्या चेहऱ्याच्या सल्ल्याने मी पोट तपासायचं का? खरं कारण एवढंच, की मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा उपहास दिसायला बरा असतो.

शुक्रवारी नमाजानंतर भाईचा फोन यायचा. "सर, झालं का नाय?"

तिसऱ्या शुक्रवारी मी म्हणालो, "झालं, भाई."

पुढच्या आठवड्यात लॅबमधून फोन आला. पलीकडच्या मुलीने माझं नाव, वय बरोबर सांगितलं आणि म्हणाली, "सर, तुमच्या नमुन्यात रक्त आढळलंय. घाबरू नका, याचा अर्थ कॅन्सरच असा नाही. पण पुढची तपासणी करायला लागेल."

मी नमुना दिलेलाच नव्हता. लॅबचा हा गलथानपणा ऐकून मला जवळजवळ आनंद झाला. खोलीत येरझाऱ्या घालत मी तक्रारीच्या पत्राचा मायना जुळवायला लागलो. पुराव्यासाठी शब्दकोश ओढला. मागे काहीच नव्हतं.

बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती.

"अगं, इथली नळी कुठे गेली?"

"दिली की."

"कुणाला?"

"लॅबला. अहो, शेवटची तारीख निघून चालली होती. तुम्ही काय करणार नाय, ते दिसतच होतं. एवढी चांगली वस्तू, वाया घालवायची का? केली मी, आन् दिली नेऊन."

"पण त्यावर नाव माझं होतं!"

"मग? गॅसच्या पुस्तकावर बी तुमचंच हाय. तुम्ही कधी चहा तरी ठेवलाय का त्यावर?"

इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी, आणि ती फक्त आमच्याच घराची असेल असं मला वाटत नाही. उरलेलं ती संपवते. पातेल्यातली खरवडीची भाजी ती संपवते, कालची भाकरी ती संपवते. मला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि मी तिसऱ्या दिवशी बरा झालो, तर उरलेल्या दोन दिवसांच्या गोळ्या तिच्या पुढच्या तापाला लागतात. चष्म्याचा नंबर वाढला की माझी जुनी फ्रेम तिच्या नाकावर जाते. पस्तीस वर्षं तिची तब्येत माझ्या उरलेल्या औषधांवर चालली होती आणि मला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. मी ते काटकसर समजत होतो. माझी न वापरलेली तपासणीही तिने त्याच हिशेबात संपवली होती.

तक्रारीचं पत्र डोक्यातून गेलं. फोनवरच्या मुलीचं वाक्य परत ऐकू आलं, आणि या वेळी ते माझ्याबद्दल नव्हतं. माझ्या मनात आधी क्षणभर 'सुटलो' असं आलं, हेही लिहून ठेवतो. त्या क्षणाची लाज अजून गेलेली नाही.

तिला सांगितलं तेव्हा ती जुडीतल्या काड्या वेगळ्या करत म्हणाली, "मला कुठं काय होतंय? पाय दुखतात तेवढे. नाव तुमचं आलंय, तुम्हीच जा."

हे ती चार दिवस म्हणत राहिली. आधी हसत, मग चिडून. पाचव्या दिवशी तिने पैठणला बहिणीकडे जायची पिशवी भरायला घेतली, म्हणजे ती घाबरली होती. मी भाईला फोन केला आणि सगळं सांगितलं, माझं खोटंही. तो म्हणाला, "सर, तुमच्याशी मी नंतर बोलतो. भाभीला एसटीत बसू देऊ नका."

तासाभरात तो दारात उभा होता. माझ्याकडे न बघता तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"भाभी, मला बी काय होत नव्हतं. असं म्हणत म्हणत दोन बरस घालवले. तुम्हाला आत्ता कळलं, आजून कायच होत नसताना. ये नसीब है, भाभी. मला असं कुणी सांगितलं असतं, तर मी धावत गेलो असतो."

"आन् वंगाळ निघालं म्हंजे?"

"नाय गेलं तरी जे हाय ते राहतंच. फक्त तुम्हाला माहीत नसतं."

ती बराच वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. आजारपणात ते हात वाळून गेले होते, पण नखांत गोंद होता. मग उठून तिने चहा ठेवला आणि पिशवीतल्या साड्या परत कपाटात लावल्या.

दवाखान्याच्या खिडकीवर मला कबुली द्यावी लागली.

"नमुना माझा नाही, हिचा आहे."

"मग नाव तुमचं कसं?"

"नळी माझी होती."

"मग तुम्ही का नाही दिला?"

माझ्यामागे आठ माणसं होती आणि आठही जणांना उत्तर ऐकायचं होतं. "राहून गेलं," मी म्हणालो.

आत तीच शिबिरातली डॉक्टर होती. आमची हकिगत ऐकताना तिने हसू दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही. मी म्हणालो, "आता हिच्या नावाने पुन्हा एकदा नळीची तपासणी करू या." तिने मान हलवली. "नाही काका. एकदा रक्त आढळलं की पुन्हा नळी करून 'नाही' यायची आशा धरायची नसते. आता दुर्बिणीतूनच बघायचं. काकू, आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागेल. ते बेचव आहे, एवढंच वाईट."

ते औषध पिताना बायको म्हणाली, "हे उरलं तर तुम्ही संपवा."

तपासणीत आतड्यात दोन कोंब सापडले. डॉक्टर त्यांना पॉलिप म्हणाली. दुर्बिणीतूनच तिथल्या तिथे काढले आणि तपासायला पाठवले. रिपोर्ट यायला आठवडा होता. त्या आठवड्यात मी आयुष्यात पहिल्यांदा चहा करायला शिकलो. तिने तो न बोलता प्यायला, यावरून तिची मनःस्थिती ओळखावी.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण मोठा कोंब पुढे काही वर्षांत कॅन्सर होऊ शकेल अशा जातीचा होता. आता तो नव्हताच. ठरलेल्या मुदतीने दुर्बिणीची तपासणी करत राहायची, एवढंच. "काकू, योग्य वेळी आलात," डॉक्टर म्हणाली. बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांच्या आळसामुळं आले."

भाईने तिचे कागद मागून नेले. आठवड्याने त्याने कापडी पाठीची एक फाइल आणून दिली. वर सोनेरी ठशात तिचं पूर्ण नाव. आमच्या घरात तिच्या एकटीच्या नावाची ती पहिली फाइल. ती आता शब्दकोशापुढे असते. मागे नव्हे.

पैठणच्या दोन्ही बहिणींना तिने नळ्या घ्यायला लावल्या आहेत, आणि पाकिटावर नाव स्वतःचं घाला म्हणून दोनदा बजावलं आहे.

मग मी माझ्यासाठी नवी नळी आणली. या वेळी ना शाल होती, ना फोटो. सकाळी सहा-सात मिनिटांचं काम. इतके दिवस मी ज्याला घाबरत होतो ते इतकं किरकोळ निघालं, की थोडा अपमानच वाटला. लॅब उघडेपर्यंत नळी फ्रिजमध्ये ठेवायची होती. दुधाशेजारी ठेवायला बायकोने साफ नकार दिला. शेवटी लोणच्याचा एक रिकामा डबा मिळाला. लॅबला निघताना डबा बाहेर काढला, तर झाकणावर तिच्या अक्षरात चिठ्ठी डकवलेली होती: "हे यांचं आहे. यांनीच संपवलं आहे."

तो शुक्रवार होता. त्या दिवशी मी भाईच्या फोनची वाट बघितली नाही, मीच केला.