बशांची झाकणं

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही.

पारनेरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. त्याआधी नगरला पीएच.डी. केली, समुद्रातल्या तपकिरी शेवाळावर. हसू नका, समुद्राचं पाणी कोकणातून कॅनमध्ये यायचं. या शेवाळाच्या दोन पिढ्या आलटूनपालटून येतात – एक बीजाणू देणारी, दुसरी युग्मकं, म्हणजे नर-मादी पेशी, देणारी. कुठली व्हायचं ते जनुकं ठरवतात. त्यातलं एखादं बिघडलं, तर पहिली पिढी दुसरीसारखी वागू लागते. तसं बिघडलेलं रोप आम्ही शोधत होतो.

शेवाळ वाढवायच्या काचेच्या बशीचं नाव तळाला लिहायचं, झाकणावर कधीच नाही – हा पहिल्या दिवशीचा धडा. मी झाकणावर लिहायचे. आळस, दुसरं काय? एकदा पाणी बदलताना दोन्ही पिढ्यांच्या बशा उघड्या होत्या. कुठलं झाकण कुणाचं, आठवेना. अंदाजाने लावली.

पंधरवड्याने पहिल्या पिढीचं नाव असलेल्या बशीत दुसरी पिढी दिसली. माझे गाईड सर हरखले, त्यांनी पेढे वाटले. मग मी दुसरी बशी पाहिली – तिच्यात नेमकं उलटं. बिघाड वगैरे काही नव्हता, मी झाकणांचीच अदलाबदल केली होती. सांगता आलं नसतं का? मी ती बशी बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडला. पेढाही खाल्ला.

बिघडलेलं जनुक नेमकं कुठलं, ते शोधायचं काम सुनंदाकडे गेलं. राजूरची, माझ्यामागून आलेली. तीन वर्षं ती त्या रोपाचे संकर करत राहिली. नसलेला बिघाड सापडणार कसा? ती मला विचारायची, काय चुकतंय? मी म्हणायचे, पुन्हा करून बघ. शेवटी तिने संशोधन सोडलं.

परवा सरांचा फोन आला – त्या रोपाची आता पूर्ण जनुकीय तपासणी होणार आहे. केवढे खूश होते! तेव्हापासून मोबाईल वाजला की आधी सरांचं नाव तर नाही ना, ते बघते. त्या रोपावर मिळालेली पदवी जाईल, नोकरी जाईल, पोरांना काय सांगू? मी घाबरलेय. फार घाबरलेय.

पण एक गोष्ट कुठल्याच तपासणीत निघणार नाही. सुनंदाला सोडायला मी एसटी स्टँडवर गेले होते. गाडीत चढताना ती म्हणाली, "ताई, लई केलं बगा. माज्याच हाताला गुण न्हाई."

मी म्हणाले, "असतं गं एकेकीचं."