टाचण्या धरणारा ओठ

शिवणकाम करणाऱ्या वहिनींचा पुढे आलेला जबडा डॉक्टरांनी ऑपरेशन करून मागे बसवला आणि वरखालचे दात रबरांनी बांधून टाकले. नवरा मनातून खूश होता. एवढी शांतता त्याने लग्नापासून अनुभवली नव्हती. शेजारणी नवा चेहरा बघून जात. "अगं, आता सिनेमावाले दारात रांग लावतील!" वहिनी नुसती मान डोलवत.

त्यांना घोर वेगळाच होता. खालचा ओठ बधिर झाला होता. शिवताना टाचण्या त्याच ओठात धरायची त्यांची सवय, आणि आता सूप हनुवटीवर ओघळलं तरी पत्ता लागत नव्हता. ओठातली टाचणी नकळत पोटात गेली म्हणजे? डॉक्टर म्हणाले होते, जाणीव येईल परत. कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

रोज दुपारी वहिनी आरशासमोर बसून टाचणीचं गोल डोकं ओठावर फिरवत. ओठ आपला ढिम्म. आज मात्र कोपऱ्यात मुंगी चालल्यासारखं वाटलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा मुंगी.

"अहो!" त्या दातांआडून ओरडल्या.

नवरा धावत आला. "काय झालं? दुखतंय?"

"गुदगुल्या होतायत," म्हणताना वहिनींचे डोळे भरून आले.

"संपली म्हणायची माझी सुट्टी," नवरा म्हणाला, आणि शिलाई मशीनवरचं झाकण त्यानेच काढलं.