सहावं भोक

फोन आला तेव्हा मी केबिन रोडवर साडीला फॉल शोधत होते. ग्लेंडाचा, म्हणजे फिलूच्या मुलीचा आवाज. "मावशी, मम्मी गेली... सकाळी, झोपेतच." दुकानदार दोन फॉल उजेडात धरून विचारत होता, "आंटी, कौनसा मॅच होता है?" "रहने दो," म्हणत मी बाहेर पडले आणि घराच्या उलट दिशेला चालू लागले. त्याला आता महिना होऊन गेला, पण जीव अजून थाऱ्यावर नाही. भाजी फोडणीला टाकते, गॅलरीत जाते आणि तिथेच उभी राहते, तोवर भाजी करपलेली असते. पूनम सागरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांना वाटतं, मैत्रीण गेली म्हणून मी अशी झालेय. ते खरं आहे, पण अर्धंच.

उत्तनची फिलोमिना आणि मी कॉलेजच्या एनसीसीत भेटलो. रायफल सोडून पिस्तुलाकडे वळलो तेव्हा नेमबाजीच्या क्लबात पिस्तूल धरणाऱ्या मुली आम्ही दोघीच. "पोरींनो, याच्यापेक्षा लाटणं बरं," म्हणणारे काका लोक फिलूचं निशाण्याचं कार्ड पाहिलं की गप्प बसायचे. पिस्तूल क्लबाच्या कपाटात राहायचं, घरी न्यायला मिळत नसे. म्हणून ती घरी कोळशाची जड इस्त्री धरायची. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाने एक ठिपका काढलेला, त्याच्यासमोर हात लांब करून उभी. तिचे वडील जाळं विणता विणता म्हणायचे, "पोर माझी भिंतीला इस्त्री करते!" हात हलला तर गोळी सोडायची नाही, हा तिचा एकच नियम. "हात खाली घे गो मंगल. दम खा, परत उचल. घाई कसली हाय?" मला मात्र कायमच घाई. एकदाची गोळी सुटली की बरं वाटायचं, मग ती कुठे का लागेना.

राज्याच्या संघात एकच जागा होती. शेवटचं कार्ड, पाच गोळ्या, फिलू बरीच पुढे. माझी शेवटची गोळी मी झटक्यात उडवली आणि ती बिघडली हे मनगटालाच कळलं... खाली, डावीकडे, सात गुणांच्या वर्तुळात. शेजारी फिलू हात उचलत होती, खाली घेत होती. तीनदा घेतला. वेळ संपत आली तसा चौथ्यांदा घाईने उचलला आणि गोळी सोडली ती माझ्या कार्डावर! कार्डं आली तेव्हा तिच्या कार्डावर चार भोकं, माझ्या कार्डावर सहा. तिची ती गोळी शून्य धरली गेली. माझ्या आधीच्या चार गोळ्या नोंदलेल्या होत्या, उरले एक सात आणि एक दहा. पंचांनी मला विचारलं, "यातलं तुझं कुठलं?" कुठलं कुणाचं ते कळत नसेल तर कार्ड जिचं तिला चांगलं भोक मिळतं, हा नियम मला पाठ होता. मी म्हणाले, "सांगता येत नाही, सर."

दोन गुणांनी माझी निवड झाली. खरं बोलले असते तर फिलू एका गुणाने पुढे राहिली असती. त्या संघामुळे मला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, पुढे नोकरीवर हे घर झालं. फिलूला पुन्हा बोलावणं आलं नाही. ती गावच्या शाळेत मुलांना पीटी शिकवत राहिली आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. दर नाताळला तिच्याकडे जायचे, कुलकुलं खायचे, आज सांगायचंच असं ठरवून. शब्द ओठांवर यायचे... आणि मी हात खाली घ्यायचे. तिची शिकवण मी वापरली ती अशी. लाज वाटते मला.

परवा तिच्या महिन्याच्या मिस्सेला, चर्चमधल्या प्रार्थनेला, उत्तनला गेले. मिस्सेनंतर फिलूच्या घरी चहा. बसवेना, म्हणून कप धुवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात शिरले. भिंतीला नवा रंग होता, पण रंगाऱ्याने ठिपका तेवढा सोडलेला. शेजारी फ्रेममध्ये एक पिवळं पडलेलं कार्ड. हे तिथे पूर्वी नव्हतं. मी भोकं मोजली. सहा. दहाच्या भोकाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला.

"हे मम्मीच्या ट्रंकेत होतं," ग्लेंडा मागून म्हणाली. "मी फ्रेम करून आणलं. कोणत्या तरी पंचाकडून मागून घेतलेलं म्हणे. आम्हाला दाखवायची आणि हसायची. यातलं एक भोक माझं हाय, म्हणायची. तू येणार असलीस की मात्र ट्रंकेत टाकायची. का, ते कधी सांगितलंच नाही."

म्हणजे तिला माहीत होतं. इतकी वर्षं माझ्यासमोर कुलकुलांची बशी सरकवताना तिला माहीत होतं, आणि मी सांगावं म्हणून ती थांबली होती की सांगू नये म्हणून, हे आता कुणाला विचारू?

ओट्याखाली ती इस्त्री होती. मी ती उचलली, ठिपक्यासमोर उभी राहिले, हात लांब केला. हात असा थरथरायला लागला की ग्लेंडा म्हणाली, "मावशी, ठेव ना खाली, पडेल."

मी हात खाली घेतला नाही. "ग्लेंडा," मी म्हणाले, "ते दहाचं भोक तुझ्या मम्मीचं आहे. मला तेव्हाच माहीत होतं."