वसंतकाकांची जपानी गाडी

सकाळी ऑफिसला निघताना काकूंचा फोन आला. "मेधा, गेले गं हे..." एवढंच. पहिला विचार मनात आला तो दुःखाचा नव्हता. आता माफी कुणाकडे मागायची, हा होता. महिना झाला, तो विचार काही जात नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

वसंतकाका म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावातले सगळ्यात जुने मराठी इंजिनिअर. इथे त्यांनी रिटायर होईपर्यंत मोटारींची दारं केली. पण जीव अडकला होता तो तरुणपणी जपानमध्ये केलेल्या दारांत. तिथल्या एका उपनगरी विजेच्या गाडीच्या डिझाइनवर ते तीन वर्षं होते. स्टेनलेस स्टीलचे डबे, प्रत्येक बाजूला चार रुंद दारं, म्हणजे स्टेशनात माणसं भराभर चढावी-उतरावी. बंद होताना दारात काय काय अडकेल, ते काका आणि त्यांचा मित्र मोरिता-सान रोज घालून बघत. छत्री, किमोनोची बाही, लहान मुलाचा हातमोजा... आणि शेवटी स्वतःचा हात. "करंगळी अजून वाकडी आहे बघ," म्हणून ती ते मराठी मंडळींच्या पॉटलक जेवणात भेटेल त्याला दाखवायचे. काकू ओरडायच्या, "पुरे हो! पोरीला जेवू तरी द्या."

मोरिता-सान वर्षातून दोनदा हाताने जपानीत पत्र लिहीत. काकांना बोलता यायचं, लिपी मात्र पार विसरले होते. मी पुण्यात जपानी शिकलेली, निम्मं पुणं शिकतं तशी, त्यामुळे पत्रवाचन माझ्याकडे आलं. रविवारी चहा, चकली आणि पत्र. जुनी पत्रंसुद्धा त्यांनी पुन्हा वाचून घेतली. गाडीला एसी बसवला, पुढचा चेहरा बदलला, मोठ्या मार्गावरून काढून फाट्यावर घातली... सासरी दिलेल्या लेकीची खुशाली ऐकावी तसे ऐकायचे. "एकदा तिच्यात बसून यायचंय," म्हणायचे. "आपण केलेलं दार आपल्या पाठीमागे बंद होताना ऐकायचंय."

मग २००६च्या हिवाळ्यात ते पत्र आलं. मार्चअखेर गाडी बंद होणार, शेवटच्या फेरीला ये. काकांना अटॅक येऊन बायपास झाली, त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. काकूंनी पाकीट दारातच माझ्या हातात दिलं, मी उभ्याउभ्या वाचलं आणि त्यांना सांगितलं. त्यांनी माझं मनगट धरलं. "त्यांना नको सांगूस गं. टाके घेऊन विमानात बसेल हा माणूस." आजारी माणसाला सांगायचं नाही, ही आपली रीतच आहे. मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. उलट आपण किती समजूतदार, असंच वाटलं. मूर्ख कुठली! आत जाऊन पत्र वाचलं आणि तेवढा मजकूर गाळला. काका खुशीत सप्टेंबरात जपानला जायचा बेत आखत बसले.

जूनमध्ये पुढचं पत्र आलं. तू आला नाहीस, गाडी बंद झाली, डबे तोडायला नेले. काका तिकीट काढायच्या बेतात होते, त्यामुळे वाचण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"मागच्या पत्राला तू मध्येच अडखळली होतीस," ते म्हणाले. "तेव्हाच विचारायला हवं होतं मी."

"काका, तुमच्या तब्येतीसाठी..."

"तब्येत माझी होती, मेधा."

आवाज जराही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं हो!

रविवारचा चहा चालू राहिला, चकलीही. पत्रवाचन मात्र संपलं. त्यानंतर मोरिता-सानचं एक पाकीट आलं, ते त्यांनी न उघडता टेबलाच्या खणात टाकलं. मी धीर करून म्हटलं, "वाचू का?" म्हणाले, "काय असणार त्यात? भंगारच. राहू दे." सप्टेंबरात ते ठणठणीत होते, रोज मॉलमध्ये तीन फेऱ्या मारायचे. जानेवारीत दुसरा अटॅक आला आणि गेले.

तेराव्यानंतर काकूंनी खण उघडला. "आता तरी वाच. सगळं वाच हं." काकांची खुर्ची खिडकीशी तशीच होती, पाठीवर त्यांचं तपकिरी स्वेटर. काकूंनी सवयीने तीन कप चहा आणला आणि तिसरा कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून बसल्या. मी मराठी करत मोठ्याने वाचायला लागले...

"वसंत-सान, सगळे डबे तोडले नाहीत. दोन डबे डोंगरातल्या एका छोट्या रेल्वेने घेतले. मी जाऊन बसून आलो. दारं आपलीच आहेत. तुला जमेल तेव्हा ये, घाई नाही, ती अजून पुष्कळ वर्षं धावतील. मी स्टेशनवर घ्यायला येईन."

पत्रावर ऑगस्टची तारीख होती.

"म्हणजे... जाता आलं असतं त्यांना?" काकूंनी विचारलं.

या वेळी मात्र काही गाळायची हिंमत झाली नाही. "हो काकू," मी म्हटलं, "आलं असतं."